पावसाळ्यातलं वाचन: डिचोलीच्या रोजनिशीतील काही पानं

१८ मे २०२५, रविवार

आज भिंतीलगतचं कपाट रिकामं केलं. दरवर्षी मृगाआधी हे काम असतं, पण यंदा आभाळाचं लक्षण ठीक दिसत नाही म्हणून लवकर उरकलं. सोप्यावर चटई घातली आणि पुस्तकं उघडी करून उभी ठेवली. कडक उन्हात ठेवत नाही, पानं पिवळी पडून कडकडीत होतात. सावलीतला वारा पुरतो. कोरड्या फडक्यानं एकेकाची पाठ पुसली. खाणीच्या रस्त्यावरून येणारी तांबडी धूळ दारं लावली तरी आत शिरते आणि पुस्तकांच्या वरच्या कडेवर बसते. टिप्पर पुन्हा धावू लागल्यापासून ती वाढली आहे. त्या धुळीला ओल लागली की तिथूनच बुरशी धरते. म्हणून पावसाआधी पुसणं सर्वांत महत्त्वाचं.

दोन पुस्तकांना कसर लागलेली सापडली. ती वेगळी काढली. बाकीच्यांच्या मागे वेखंडाचे तुकडे आणि सुकवलेला कडुनिंबाचा पाला ठेवला, आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं.

बुधवारच्या बाजारातून पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, जवळजवळ भरून झालं आहे. सोलं, कांद्यांच्या माळा, सुक्या मिरच्या, जाडं मीठ, सुकी सुंगटं, सुके बांगडे. फणसाची साठं अजून उन्हात आहेत. सासूबाई मिरच्या निवडताना माझ्याकडे बघत होत्या. "तुजें पुरुमेंत खंय?" त्यांनी विचारलं. मी पुस्तकांचा बाजूला काढलेला गठ्ठा दाखवला. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी मी दरवर्षी असा गठ्ठा काढते, आणि त्यात शक्यतो आपल्याच मुलखाची पुस्तकं असतात. यंदा आहेत: दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र', बोरकरांची 'चांदणवेल', जयवंत दळवींची दोन, पं. महादेवशास्त्री जोशींचं 'आत्मपुराण' आणि डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांचं 'पोर्तुगेज-मराठे संबंध'. शेवटचं आमच्या ह्यांच्या काकांच्या संग्रहातलं. त्याची शिवण सुटत आली आहे.

२१ मे, बुधवार

काल पहाटे पुण्यात जयंत नारळीकर गेले. बातमी कळली तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता, वळवाचा नव्हे, चांगला पावसाळ्यासारखा. आज बाजार भरला तो ताडपत्र्यांखाली.

शाळेत शिक्षिका होते तेव्हा चौथीच्या मुलांना 'यक्षांची देणगी'तली गोष्ट माझ्या शब्दांत सांगायचे. सरकारी मराठी प्राथमिक शाळा, खेड्यातली. मुलं शेतकऱ्यांची, खाणीवरच्या कामगारांची. गोष्ट संपली की त्यांचे प्रश्न सुरू व्हायचे आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी थांबत नसत. इतका मोठा शास्त्रज्ञ, फ्रेड हॉएल यांच्याबरोबर विश्वाच्या रचनेवर काम केलेला, मराठीत मुलांना कळेल असं लिहीत होता. या गोष्टीचं मोल आपण पुरेसं केलेलं नाही, असं मला मनापासून वाटतं. केंब्रिजहून ते परत आले, मुंबईला टाटा संस्थेत राहिले, पुण्यात आयुका उभारली आणि शेवटपर्यंत मराठीत लिहिलं. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे ही त्यांच्या 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रातली चार नगरं. रात्री त्यातली बनारसची पानं पुन्हा वाचली. दहाच्या सुमारास वीज गेली, मग मेणबत्तीवर.

माझी ती शाळा आता पटसंख्या नाही म्हणून बंद आहे. तिथल्या कपाटात 'यक्षांची देणगी' होतं. त्याचं पुढे काय झालं, कोणाला ठाऊक नाही.

२६ मे, सोमवार

मान्सून काल गोव्यात पोचला. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. केरळात शनिवारी, २४ ला, आणि दुसऱ्या दिवशी आपल्याकडे. फणसाची साठं अर्धी ओली राहिली, ती चुलीवरच्या माळ्यावर टाकली आहेत. गठ्ठा मात्र कोरडा आहे.

८ जुलै, मंगळवार

परवा आषाढी झाली. साखळीच्या विठ्ठलमंदिरात जाऊन आले. वाळवंटी काठोकाठ भरून वाहते आहे. पाणी तांबडं. पुलावर माणसं थांबून पाण्याची पातळी बघतात. साखळीकरांच्या अंगवळणी पडलेली ती काळजी आहे, पूर त्यांनी पुष्कळ पाहिले आहेत.

आज बोरकरांचा स्मृतिदिन. ८ जुलै १९८४ ला ते गेले. त्यांचं गाव बोरी आमच्यापासून लांब नाही, फोंड्याच्या पलीकडे जुवारीच्या काठावर. ३० नोव्हेंबर १९१० चा त्यांचा जन्म. दुर्गाबाईही त्याच वर्षीच्या, फेब्रुवारीतल्या. हे माझ्या लक्षात यंदाच आलं, दोघांची पुस्तकं एकावर एक ठेवलेली असताना. दोघांनीही निसर्गावर लिहिलं, पण किती वेगळ्या वाटांनी! बोरकरांना पाऊस आधी ऐकू येतो, मग दिसतो. शब्दांचा नाद त्यांच्याकडे अर्थाच्या आधी पोचतो. म्हणून त्यांची कविता मोठ्यानंच वाचायला हवी. पु. ल. आणि सुनीताबाईंनी ती रंगमंचावरून वाचून दाखवली, त्यामागे हेच असणार. दुर्गाबाई मुंबईत राहून एकेका झाडापाशी थांबतात, पान उलटून बघतात, त्याचं संस्कृत नाव आठवतात, लोककथा सांगतात, आणि मग पुढच्या झाडाकडे जातात.

संध्याकाळी सासूबाईंना 'चांदणवेल'मधल्या तीन-चार कविता वाचून दाखवल्या. त्यांचं शिक्षण दुसरीपर्यंतचं. घरात आम्ही कोंकणीत बोलतो, पण पोथी, आरती, वर्तमानपत्र सगळं मराठीत, म्हणून मराठी ऐकायला त्यांना काही अडत नाही. डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "आनीक एक वाच गो."

२० जुलै, रविवार

अळमी आली. साखळीच्या रस्त्यावर बायका पानांत बांधलेल्या जुड्या घेऊन बसल्या आहेत. रोणाची अळमी, वारुळावर उगवणारी. भाव ऐकून मी पुढे गेले आणि मग परत फिरले. वर्षातून एकदा तर मिळते.

ही अळमी कशी होते ते मी अलीकडेच नीट वाचलं. रोणातली वाळवी सुकलेला पाला, लाकूड चघळून वारुळाच्या पोटात त्याचे थर रचते आणि त्यावर बुरशीची शेती करते. त्या बुरशीवरच ती जगते. पावसाळ्यात ठरावीक ओल आणि ऊब मिळाली की तीच बुरशी जमिनीतून वर छत्री काढते, तिला आपण अळमी म्हणतो. शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. अजून कोणाला ती शेतात लावता आलेली नाही, कारण वाळवीशिवाय ती होत नाही. म्हणून रोण खणून काढलं, किंवा कळ्या उमलायच्या आतच सगळ्या उपटल्या, तर पुढच्या वर्षी तिथे काही उरत नाही. डोंगरच खाणीसाठी कापला तर प्रश्नच मिटला. जाणती माणसं काही छत्र्या तशाच सोडतात. निदान आपण विकत घेताना बंद कळ्यांची जुडी घेऊ नये.

घरात पुस्तक खाणारी वाळवी आणि रानातली, ताटात अळमी वाढणारी वाळवी एकाच गोतातली. आजच्या तोणाकात कोकमाचं आगळ जरा जास्त पडलं, पण ताट चाटूनपुसून संपलं.

'ऋतुचक्र'मधला आषाढ वाचते आहे. हे पुस्तक १९५६ चं. मी ते एकदम वाचत नाही. महिना लागला की त्या महिन्याचं प्रकरण. असं वाचलं की दुर्गाबाईंशी बोलता येतं. बाई, तुमच्या मुंबईत हे झाड आता फुललं असेल, आमच्याकडे आठ दिवस आधीच फुललं. बाई, तुम्ही तायकिळ्याबद्दल काय म्हणाल? परसात तो वीतभर वर आला आहे, कोवळी पानं खुडून फणसाच्या आठळ्या घालून भाजी केली. यंदा तर पाऊस मे महिन्यातच आल्यामुळे सगळंच पुढे सरकलं आहे. अशी पुस्तकं दर पन्नास वर्षांनी नव्यानं लिहिली जायला हवीत, आणि दर तालुक्यात एक तरी.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज जयवंत दळवींच्या जन्माला शंभर वर्षं झाली. १४ ऑगस्ट १९२५, हडफडे. म्हणजे जन्म बार्देशातला, आपला. घर आरवलीचं, वेतोबाच्या गावातलं. नणंद पेडण्याला दिली आहे, तिनं सकाळीच फोन केला, "वयनी, आज दळवींचो दीस." ती दरवर्षी पावसाळ्यात माझ्याकडून पुस्तकं नेते आणि तिच्याकडची आणून देते. कदंबच्या बसनं पिशवी येते-जाते. यंदा दळवी तिच्याकडे आधी गेले होते, गेल्या आठवड्यात परत आले.

'सारे प्रवासी घडीचे' वाचताना आमच्याकडच्या माणसाला एक वेगळा आनंद होतो. केरीहून तेरेखोल ओलांडलं की पलीकडे रेडी, मग शिरोडा, मग आरवली. भाषेचा हेल बदलतो, पण माणसं तीच. अंगणातली भांडणं तीच, देवळातला मान तोच, दशावताराचं वेड तेच. शिरोड्याला वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षक होते. खारफुटी आणि मिठागरांच्या त्या छोट्या गावातून पुढे ज्ञानपीठ मिळालेला मराठी लेखक घडला आणि तिथेच १९३० ला मिठाचा सत्याग्रहही झाला. शेजारच्या गावातून दळवी आले. एवढ्याशा पट्ट्यात एवढं साहित्य कसं पिकलं, याचा कोणीतरी नीट अभ्यास करावा.

लोक दळवींना विनोदी लेखक म्हणतात, 'ललित' मासिकातल्या ठणठणपाळामुळे. मला ते पटत नाही. 'सारे प्रवासी घडीचे'मधलं हसू वरवरचं आहे, खाली सगळी ओढाताण आहे: दारिद्र्य, वेड, उपेक्षा, वाट बघणं. 'चक्र'मध्ये त्यांनी मुंबईची झोपडपट्टी दाखवली ती १९६३ साली, तेव्हा तिकडे पाहायलाही कोणी तयार नव्हतं. 'संध्याछाया'तले नाना-नानी तर आता आमच्या वाड्यावर घरोघरी आहेत. मोठी घरं, दोन म्हातारी माणसं, मुलं पुण्याला, बंगळूरला, आखातात. चवथीला येतात, पाच दिवस घर भरतं, मग पुन्हा कुलपं. दळवींनी हे नाटक लिहिलं तेव्हा ती शहरातल्या मोजक्या घरांची गोष्ट होती.

या खेपेला 'महानंदा' पुन्हा वाचली, आणि तिनं मला सर्वांत जास्त थांबवून धरलं. देवळाच्या सेवेत वाहिलेल्या घराण्यातली मुलगी आणि तिच्यावर प्रेम करणारा शिकलेला तरुण. गोव्यात ही कादंबरी वाचताना ती कुठल्या दूरच्या समाजाची राहत नाही. ज्या देवळांत आपण नवस बोलतो, त्याच देवळांच्या आवारात या बायकांच्या पिढ्या गेल्या. गाणं, नाच, समईची वात हे सगळं त्यांनी सांभाळलं आणि बदल्यात त्यांना प्रतिष्ठा मिळाली नाही. त्याच घराण्यांतून केसरबाई केरकर आल्या, मोगूबाई कुर्डीकर आल्या. तो समाज शिकला, संघटित झाला आणि त्यानं ती रूढी मोडून काढली. गोव्यातल्या सामाजिक सुधारणांत मी याला फार वरचं स्थान देते. बोरकरांची 'भावीण' १९५० ची. ती आणि 'महानंदा' लागोपाठ वाचाव्यात. नणंदेला तेच सांगितलं. पुढची पिशवी तीच.

दळवी १९९४ ला गेले. आज शताब्दीच्या दिवशी इथल्या वर्तमानपत्रांत लेख आले आहेत, पण हडफड्याच्या शाळेतल्या मुलांना आज कोणी त्यांचं एक पान तरी वाचून दाखवलं असेल का?

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा चवथ. वाचन बंद. गणपतीवर टांगायच्या माटोळीचा बाजार भरला आहे: कांगलां, घागऱ्यो, आंबाडे, तोरिंगणां, सुपारीचे कातरे. रानातल्या बायका पहाटेपासून बसल्या आहेत. मुलगी पुण्याहून रात्रीच्या बसनं निघाली आहे. घुमटाला नवं चामडं बसवून झालं. आता बकऱ्याचं असतं, पूर्वी घोरपडीचं असायचं. हळदीची पानं परसातली, पातोळ्यांना पुरतील.

१३ सप्टेंबर, शनिवार

पाहुणे गेले, घर शांत झालं. पाऊस उघडझाप करतो आहे. खालच्या शेतात भात पोटरीतून बाहेर आलं, आणि सकाळी वारा आला की त्याचा वास सोप्यापर्यंत येतो. चवथीला कणसं आणून दारावर बांधली होती, ती अजून आहेत.

'आत्मपुराण' संपवलं. महादेवशास्त्री सत्तरीतल्या आंबेड्याचे, १९०६ चा जन्म. डिचोलीहून साखळी, मग वाळपई, आणि त्याच्या पलीकडचा तो हिरवा, ओला मुलूख. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची सत्तरी कशी होती हे मला इतिहासाच्या पुस्तकांतून कळलं नाही, ते या आत्मचरित्रातून कळलं: भिक्षुकीवर चालणारी घरं, पायवाटा, पोर्तुगीज अंमल, शिकायचं तर सीमा ओलांडून सांगलीच्या पाठशाळेत जायचं. त्या वाटेनं गेलेला मुलगा पुढे पुण्यात बसून भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड तडीस नेतो! 'कन्यादान', 'मानिनी' हे चित्रपट ज्यांच्या कथांवर निघाले तेही हेच. गोष्ट सांगण्याची त्यांची हातोटी आत्मचरित्रातही सुटत नाही. अवघड प्रसंगसुद्धा ते सरळ, स्वच्छ वाक्यांत सांगतात, आणि स्वतःला कुठेही मोठं करत नाहीत.

मला सर्वांत जवळच्या वाटतात त्या त्यांच्या पत्नी सुधाताई. ६ एप्रिल १९५५ ला म्हापशाला नॅशनल काँग्रेस गोवाचं अधिवेशन भरलं, पोर्तुगीजांच्या डोळ्यांदेखत. त्याच्या अध्यक्षस्थानी सुधाताई जोशी. पुण्यातलं घर, संसार, लहान मूल सोडून त्या म्हापशाला आल्या, त्यांना अटक झाली आणि तुरुंगवास भोगावा लागला. आम्ही शाळेत मुक्तिलढा शिकवला तो १८ जूनचा, लोहियांचा आणि १९ डिसेंबरचा. मधल्या वर्षांतल्या बायका दोन ओळींत आटपल्या. म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला जाणाऱ्या किती जणींना हे नाव ठाऊक आहे?

मुलीनं जाताना 'आत्मपुराण' मागितलं होतं. तिला सांगितलं, संपवून पाठवते. आज टपालानं पाठवलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळून.

२० ऑक्टोबर, सोमवार

नरकचतुर्दशी. मुलांनी रात्रभर जागून केलेला नरकासुर पहाटे जळला. तुळशीपुढे कारीट फोडलं. फोवांचे प्रकार पाच: दुधातले, रोसातले, ताकातले, तिखट, आणि बटाट्याचे. नणंद आली होती, 'भावीण' परत घेऊन. खाताना त्या कादंबरीबद्दलच बोलत राहिलो.

९ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीनंतर पुन्हा पाऊस लागला होता. कापणीला आलेलं भात शेतातच भिजलं, खालच्या वाड्यावर लोक अजून रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर ते सुकवत आहेत. बुधवारी त्रिपुरी पौर्णिमा झाली, विठ्ठलापूरला वाळवंटीत दिव्यांच्या होड्या सोडल्या. दशावताराचे खेळ आता सुरू होतील.

आज तिथीनं कार्तिक वद्य पंचमी, म्हणून नार्व्याला सप्तकोटेश्वराला गेलो. शके १५९० च्या याच तिथीला, १३ नोव्हेंबर १६६८ ला, शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं या देवळाच्या बांधकामाला सुरुवात झाली. तसा शिलालेखच दारावर आहे. दिवाडीवरचं मूळ देऊळ पोर्तुगीजांनी मोडलं तेव्हा लिंग नदी ओलांडून इकडे आलं होतं. डागडुजी होऊन २०२३ मध्ये देऊळ पुन्हा खुलं झालं आहे. चुन्याचं पांढरं काम, कौलारू छप्पर, पुढे दीपमाळ. ज्याला शक्य आहे त्यानं फेरीबोटीनं दिवाडीवर जावं आणि तिथून नार्व्याकडे यावं, म्हणजे देव कुठून कुठे आले ते पायांना कळतं.

जाण्याआधी पिसुर्लेकर वाचले. पिसुर्ले हे त्यांचं गाव सत्तरीतलं, आज खाणीच्या नावानं ओळखलं जाणारं. त्या गावात १८९४ साली जन्मलेल्या माणसानं गोव्याच्या पुराभिलेखागारातले पोर्तुगीज कागद आयुष्यभर उलगडले, आणि शिवाजी, संभाजी, पेशवे यांचा गोव्याशी काय व्यवहार होता ते कागदपत्रांच्या आधारानं मांडलं. यातलं पुष्कळ तोवर मराठी अभ्यासकांच्या हातात नव्हतं. पुस्तक जड आहे, गोष्टीसारखं वाचता येत नाही. मी एकेक प्रकरण घेतलं, नकाशा शेजारी ठेवून. डिचोलीचं नाव आलं की पेन्सिलीनं कागदावर टिपून ठेवलं. १७८१ ला हा प्रांत पोर्तुगिजांकडे गेला, तोवर इथे सावंतवाडीकरांचा अंमल होता. बाजारात जाताना रोज ओलांडते त्या रस्त्याला एवढा इतिहास आहे, हे या वयात नव्यानं कळतं आहे.

पावसाळा उतरला, आज कपाट पुन्हा तपासलं. काकांच्या संग्रहातली बहुतेक पुस्तकं निभावली. पिसुर्लेकर बांधणीला देते आहे. पण गेल्या महिन्यात वाड्यावरचं एक जुनं घर पाडलं, तेव्हा माळ्यावरून निघालेल्या मराठी पुस्तकांचे आणि मासिकांचे गठ्ठे रद्दीत गेले. मला कळलं तेव्हा टेंपो निघून गेला होता. त्यात काय होतं, ते आता कधीच कळणार नाही. गोव्यात छापलेली किती मराठी मासिकं, नाटकांच्या वह्या, भजनाच्या चोपड्या फक्त अशा माळ्यांवरच उरल्या आहेत.

तुमच्या घरी असा माळा असेल तर या कोरड्या महिन्यांत तो उघडा. पुस्तकं पुसा, वारा द्या, आणि नको असतील तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी आपल्या तालुका ग्रंथालयात किंवा पणजीला पाटो इथल्या मध्यवर्ती ग्रंथालयात एकदा चौकशी करा. १८३२ पासून गोव्यानं सार्वजनिक ग्रंथालय चालवलं आहे, तिथे या पुस्तकांना जागा मिळू शकते. आणि जी ठेवाल, ती शेजाऱ्याला वाचायला द्या.